नाशिकचा विटांचा वाडा

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना माणसाची किती दमछाक होते, हे त्या म्हणीत आले आहे. पण बांधलेले घर शंभर-दीडशे वर्षे उभे ठेवणे हे त्याहून अवघड काम. ते कसे साधते आणि कशामुळे साधत नाही, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत. त्यासाठी आपण नाशिकच्या जुन्या गल्ल्यांत जाऊ.

नाशिक तुमच्या ओळखीचे असेल. कोणी सिंहस्थाला गेले असेल, कोणी रामकुंडावर, कोणी बाजाराला, तर कोणी कोर्टकचेरीला. नाशिकला जाणारा माणूस देवळे पाहतो आणि परत येतो. देवळांच्या मागे अरुंद गल्ल्या आहेत, तिकडे सहसा कोणी बघत नाही. त्या गल्ल्यांत जुने वाडे आहेत.

वाडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरदार येतो. घोडे, पागा, मोठा दरवाजा. पण सगळे वाडे असे नव्हते. पुष्कळसे वाडे साध्या गृहस्थांचे होते. कोणी भिक्षुक, कोणी कारकून, कोणी दुकानदार, कोणी भांडी घडवणारा तांबट. एक चौक, त्याच्याभोवती चार-सहा खोल्या, वर एक माडी. खाली दगड, वर वीट, मध्ये लाकूड आणि डोक्यावर कौले. अशा साध्या वाड्याची ही हकिकत आहे.

हे वाडे केव्हा झाले?

मोगलांच्या अमलात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. अठराव्या शतकात येथे मराठ्यांचा अंमल बसला आणि नाशिक हे जुने नाव परत चालू झाले. मग गावात बांधकामाला जोर आला. १७४७ साली गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ झाले. १७५६ साली सुंदरनारायणाचे देऊळ झाले. पुढे त्याच शतकात सरदार रंगराव ओढेकर यांनी काळारामाचे देऊळ बांधले. माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई शेवटच्या काळात नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. राघोबादादांचा मुक्काम आनंदवल्लीला असे.

मोठी माणसे आली की त्यांच्यामागे कारकून येतात, सावकार येतात, दुकानदार येतात. त्यांना राहायला घरे लागतात. देवळांच्या कामावर पाथरवट होते, गवंडी होते, सुतार होते. गावात कसबी माणूस होता आणि त्याला काम होते. म्हणून वाडे उभे राहिले.

त्या काळचा सरकारी वाडा आजही नाशिकच्या सराफ बाजाराजवळ उभा आहे. त्याला सरकारवाडा म्हणतात. दगडी पायऱ्या, आत चौक, भोवती लाकडी खांब अशी त्याची रचना आहे. शहरातल्या एका पोलीस ठाण्यालाही त्याचेच नाव आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झाले. ते पुष्कळ वर्षे याच सरकारवाड्यात होते. म्हणजे जिथे पूर्वी कारभारी बसत, तिथे पुढे लोक पुस्तके वाचू लागले. आता हा वाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांचे राज्य आले. १८६५ साली थळघाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबई-नाशिक जोडले गेले. पण वाडे बांधण्याची रीत लगेच बदलली नाही. तीच रीत पुढेही बरीच वर्षे चालली. ती रीत आता पाहू.

जोते

घराचा पाया जमिनीत असतो. पायाच्या वर जो ओटा दिसतो त्याला जोते म्हणतात. नाशिकच्या वाड्यांचे जोते काळ्या दगडाचे असे. हा दगड आपल्याकडे मुबलक. तो पाणी फारसे शोषत नाही. त्यामुळे जमिनीची ओल भिंतीत चढत नाही.

नदीकाठच्या गावाला उंच जोत्याचे महत्त्व कळते. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, छातीला लागले, गळ्याला लागले, असा पुराचा हिशेब नाशिककर सांगतात. १९६९, २००८ आणि २०१६ या साली मोठे पूर आले. २०१६ च्या पुरात सराफ बाजारातही पाणी शिरले. अशा गावात ज्याने जोते उंच केले, त्याने नातवंडांची सोय केली.

वीट आणि चुना

वीट म्हणजे भाजलेली माती. नदीचा गाळ घ्यायचा, त्यात भाताचे तूस किंवा राख मिसळायची, पाणी घालून चांगले तुडवायचे. साच्यात घालून विटा पाडायच्या. उन्हात वाळवायच्या आणि मग भट्टीत भाजायच्या. कच्ची वीट पाण्यात विरघळते. भाजलेली वीट विरघळत नाही. एवढ्या एका फरकावर सारे घर उभे असते.

जुन्या वाड्यातली वीट आजच्या विटेपेक्षा पातळ असते. पातळ वीट आतपर्यंत नीट भाजली जाते. त्या काळी हाताच्या कामाला तोटा नव्हता, म्हणून जास्त विटा लावायला कोणी कुरकुरत नसे.

विटा जोडायला सिमेंट नव्हते. चुना होता. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, तापतो आणि त्याचे पीठ होते. त्यात वाळू किंवा विटांचा भुगा घालीत. मग ते मिश्रण घाणीत मळीत. घाणी म्हणजे जमिनीतली गोल दगडी चर. तिच्यात दगडी चाक फिरायचे आणि ते बैल ओढायचा. चुना जितका मळावा तितका चांगला. काही ठिकाणी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असेही घालीत.

चुना सावकाश घट्ट होतो. हवेतला वायू शोषून तो वर्षावर्षाने दगडासारखा होत जातो. त्याचा आणखी एक गुण आहे. चुन्याच्या भिंतीत ओल गेली, तर ती बाहेरही पडते. भिंत जणू श्वास घेते. हा गुण लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सगळ्यांनाच चुना परवडत नसे. साध्या वाड्यात खालच्या दर्शनी भिंती चुन्यात आणि आतल्या भिंती मातीच्या गाऱ्यात असेही चाले. भिंत मात्र जाड ठेवीत. दीड-दोन हात जाड भिंत उन्हाळ्यात ऊन लवकर आत येऊ देत नाही. तिच्या जाडीतच कोनाडे, देवळ्या आणि फडताळे काढीत. कधी कधी माडीवर जायचा अरुंद जिनासुद्धा भिंतीच्या पोटातच असे.

लाकडाचा सांगाडा

आता खरी गंमत ऐका. विटांचा वाडा म्हणतो खरा, पण वरचा भार मुख्यतः लाकूड पेलते. आधी दगडी बैठकीवर सागाचे खांब उभे करीत. खांबांवर आडव्या तुळया ठेवीत. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. त्याला कडीपाट म्हणतात. फळ्यांवर मुरूम-माती चोपून वर शेणाचे सारवण. झाली माडीची जमीन. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात. घर किती मोठे, हे लोक खणांवर सांगत.

जोडकामात खिळा फार वापरीत नसत. एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याला त्या खाचेत बसणारे टोक. सुतार ते इतके नेमके करी की शंभर वर्षांनीही सांध्यात नख शिरत नाही. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत आणि पलीकडे डांगात सागाची राने होती. त्यामुळे नाशिकला चांगले लाकूड मिळे. साध्या घरातही खांबाच्या डोक्यावर कमळ किंवा पोपट कोरलेला दिसतो. पैसे बेताचे असले, तरी कारागिराचा हात बेताचा नसे.

डोक्यावर नळीची कौले. ती गावचा कुंभार घडवी. १८६५ साली मंगळूरला चपट्या कौलांचा कारखाना निघाला. पुढे ती मंगलोरी कौले सगळीकडे पसरली. पुष्कळ वाड्यांवर नळीची कौले जाऊन मंगलोरी कौले आली.

दारातून आत

वाड्याचे दार जाड फळ्यांचे. मोठ्या दारातच एक लहान दार असते. ती दिंडी. तिच्यातून वाकून जावे लागते. दार आतून लावायला अडसर. हा लांब लाकडी दांडा भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवीत. रात्री तो ओढला की दार बंद.

आत गेले की ओसरी. तिथे पाहुणा बसतो, हिशेब होतो, मुलांची बाराखडी होते. मग चौक. चौक म्हणजे घराच्या मध्यावरचे उघडे अंगण. त्यातून उजेड येतो, वारा येतो, पावसाचे पाणी पडून मोरीवाटे बाहेर जाते. गल्लीत घराला घर चिकटलेले असते. बाजूला खिडकी काढता येत नाही. म्हणून उजेड वरून घ्यायचा. ही युक्ती फार शहाणपणाची आहे. चौकातच तुळशीवृंदावन असते. मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची अंधारी खोली. परसात आड.

आम्ही वाड्याची नुसती स्तुती करणार नाही. या घरात बाईमाणसाचा जन्म माजघर आणि चूल यांमध्येच सरे. ओसरीवर बसायचा मान पुरुषांचा. परसातल्या आडावर सगळ्या जातींना पाणी भरता येत नसे. ज्या वडाराने दगड फोडला आणि ज्या मजुराने माती तुडवली, त्यांना पुढे त्या घराच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नसे. जुन्या घराकडून बांधकाम शिकावे. हे नियम शिकू नयेत.

साध्या घरात मोठ्या गोष्टी

इतिहास फक्त किल्ल्यांत घडतो असे नाही. नाशिकजवळ भगूर गाव आहे. तिथे एका साध्या घरात २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म झाला. ते घर आज राज्याचे संरक्षित स्मारक आहे. नाशिक शहरात तिळभांडेश्वर गल्ली आहे. १९०० सालच्या सुमारास तिथल्या एका माडीवर तरुण मुले जमत. इंग्रजांचे राज्य कसे जाईल, याचीच चर्चा चाले. त्या मंडळाचे नाव मित्रमेळा. पुढे १९०४ साली त्याचेच अभिनव भारत झाले. माडी लहान आणि जिना अरुंद, पण तिथली चर्चा सरकारला भारी पडली.

आता पुण्याची एक गोष्ट सांगतो. ती तुमच्या-आमच्या जवळची आहे, कारण ती लिहिण्या-वाचण्याची आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात भरली. पुढे त्या वाड्यात दुकाने आली, भाडेकरू आले. वाडा कोणी नीट राखला नाही. तिथे स्मारक करायचे ठरले, पण कोर्टात वर्षांवर वर्षे गेली. तोवर वाडा पडायला झाला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने स्मारकासाठी तो पाडून टाकला. स्मारक बांधता येते. पण ज्या भिंतींनी त्या मुलींची पहिली बाराखडी ऐकली, त्या भिंती परत आणता येत नाहीत.

घर कशाने पडते?

लोक म्हणतात, "वाडा जुना झाला होता, पडला." हे अर्धेच खरे. घर वयाने पडत नाही. घर पाण्याने पडते.

ते असे. माकडाने किंवा वाऱ्याने एक कौल सरकते. कोणी वर चढत नाही. त्या फटीतून पाणी तुळईवर पडते. ओल्या लाकडाला वाळवी लागते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक आतल्या आत कुजते. ते बाहेरून दिसत नाही. पाणी भिंतीत उतरते आणि विटांमधला गारा मऊ होतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी फटीत पडते. दोन वर्षांत त्याचे मूळ विटा फोडते. मग एके दिवशी आठ दिवसांची झड लागते आणि भिंत बसते. दोष त्या आठ दिवसांचा नसतो. दोष दहा वर्षांपूर्वीच्या एका कौलाचा असतो.

पूर्वी दर वर्षी मृगाच्या आधी माणूस वर चढे. फुटकी कौले बदली, सरकलेली बसवी. त्याला कौले चाळणे म्हणतात. एवढ्या एका कामाने वाडे शंभर वर्षे तरले.

दुसरे कारण सिमेंटचे. आम्ही सिमेंटला नावे ठेवत नाही. नव्या बांधकामाला ते चांगले. पण चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, की भिंतीचा श्वास कोंडतो. आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून तिची माती होते. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करावा.

तिसरे कारण माणसांचे आहे. एका वाड्याचे चार भावांत वाटे होतात. पुढच्या पिढीत बारा वाटेकरी होतात. कोणी मुंबईला, कोणी परगावी. कौले चाळायला पैसे कोणी द्यायचे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. त्यात जुने भाडेकरू असतात. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडे बांधले गेले, म्हणून गरिबाला आसरा राहिला. हे चांगले झाले. पण तेच थोडे भाडे पुढे वर्षानुवर्षे राहिले. मालक म्हणे, "एवढ्या भाड्यात डागडुजी कशी करू?" भाडेकरू म्हणे, "घर माझे नाही, मी का खर्च करू?" १९९९ साली नवा कायदा झाला आणि तो २००० साली लागू झाला. पण तोवर पुष्कळ वाड्यांच्या तुळया कुजल्या होत्या. नाशिकला पावसाळ्यात जुने वाडे कोसळतात आणि माणसे दगावली आहेत. महापालिका धोक्याच्या घरांना नोटिसा देते. नोटीस हातात असते, पण जायचे कुठे, हा प्रश्न असतो. म्हणून घर वाचवायचे तर ते आधी, उन्हाळ्यात वाचवावे लागते.

आपल्या घराकडे पाहा

वाडा नाशिकचा असला, तरी पाणी सगळीकडे सारखेच. तुमचे घर मातीचे असो की विटांचे, पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

दर वर्षी पावसाळ्याच्या आधी छप्पर पाहा. एक कौल आज बदलले तर थोडक्यात भागते.

भिंतीच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका. न्हाणीचे पाणी लांब न्या.

भिंतीवर उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच मुळासकट काढा.

खांब आणि तुळई ठोकून पाहा. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला तर सुताराला बोलवा.

नवी वीट घेताना पारखून घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा उठू नये. वीट कोरडी असताना तोलावी, मग चोवीस तास पाण्यात ठेवून परत तोलावी. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढले, तर वीट कच्ची समजावी. म्हणजे तीन किलोची वीट भिजून तीन किलो सहाशे ग्रॅमच्या वर जाता कामा नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. भिंतीला पोट सुटले, फट दिवसेंदिवस रुंदावू लागली, नेहमीचे दार अडकू लागले, कडीपाटातून सारखी माती पडू लागली, तर त्या घरात रात्री झोपू नका. घर कितीही जुने असो, कितीही मानाचे असो, माणसाच्या जिवापेक्षा मोठे नाही. मुलाबाळांना घेऊन आधी बाहेर पडा, मग डागडुजीचे बघा.

लिहून ठेवा

जुन्या वाड्यांवर गवंड्याचे नाव बहुधा नसते. सुताराचेही नसते. त्यांनी तुळई इतकी नेमकी बसवली, पण त्यांना आपले नाव लिहिता येत नव्हते. मालकाचे नाव कागदावर राहिले आणि कारागिराचे नाव गेले.

तुम्ही आता लिहू शकता. तेव्हा एक काम करा. तुमच्या गावातले सर्वांत जुने घर कोणते, ते शोधा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. घर कोणी बांधले? गवंडी कोण होता? सुतार कोठला होता? दगड कोणत्या खाणीतला, लाकूड कोणत्या रानातले? पूर कोठवर आला होता? जे कळेल ते वहीत लिहा. खाली तारीख घाला.

आपल्या स्वतःच्या घराचेही कागद पाहा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घर कोणाच्या नावे आहे, ते वाचा. वाटेकरी किती आहेत, ते लिहा. कौले कोणी आणि कोणत्या वर्षी चाळायची, हे सर्वांनी बसून ठरवा आणि कागदावर सह्या करा. तोंडचे बोलणे पावसात वाहून जाते. लिहिलेले राहते.